अंगठ्याशेजारचं बोट

आमच्याकडे थंडी पायांकडून येते. शहरातल्या माणसांच्या अंगावर म्हणे आधी शहारा येतो, मग ती स्वेटर शोधतात. आम्हाला आधी सारवलेलं अंगण गार लागतं, मग विहिरीपाशी पडलेली सुपारीची सोलं ओलसर लागतात, आणि दोन दिवसांनी कुणीतरी म्हणतं, मार्गशीर्ष लागला हो. भातं झोडून झालेली असतात. खाचरात जी थोडी ओल उरते तिच्यावर वाल टाकलेला असतो, त्याला फुलं आलेली असतात. ऊन वर येईपर्यंत शिवारावर धुकं बसून राहतं, चहा पिऊन झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं. अशा सकाळी मी पायरीवर बसते आणि मन जे मागे जातं ते दर वर्षी एकाच थंडीत जाऊन पोचतं. किती थंड्या पाहिल्या मी, ऐंशीला टेकले आता. पण बाकीच्या सगळ्या एकात एक मिसळून गेल्या, तेवढी एक वेगळी राहिली.

परवा सुनेने फोन दाखवला. नकाशात आमच्या घराच्या मागे एक हिरवा चौकोन होता आणि त्यावर लिहिलेलं होतं, डॉक्टर ग्राउंड. आई, हे कुठले डॉक्टर, तिने विचारलं. तिला वाटत होतं कुणी मुंबईच्या डॉक्टरने बंगल्यासाठी जागा घेऊन ठेवलीय. नागावात आता असे डॉक्टर पुष्कळ, वर्षातून चार दिवस येतात आणि कुंपणाला रंग देऊन जातात. मी म्हटलं, बस, सांगते. पण तिला वरच्या खोलीतल्या पाहुण्यांसाठी आंबोळ्या घालायच्या होत्या. म्हणून मग वही काढली.

ते डॉक्टर आमच्याच गावचे. इकडे फुटबॉलला नीट पाय लावणारा पहिला माणूस म्हणायचा तर तेच, आणि पुढे डॉक्टर होऊन लढाईवर गेले तेही तेच. गावाला यातली एकही गोष्ट धड पटलेली नव्हती. खेळतो म्हणजे काय करतो, तर चामड्याच्या गोळ्याला लाथा मारतो. लढाईवर गेला म्हणजे काय केलं, तर बंदूक न चालवता परत आला. लोक औषध घ्यायला मात्र त्यांच्याकडेच जायचे आणि जाता जाता फुटबॉल डाक्टर म्हणून नावही ठेवायचे.

मी त्यांच्या पडवीत अख्खी एक थंडी काढली. सतरा वर्षांची होते. माझा उजवा पाय राहतो की जातो, एवढाच प्रश्न तेव्हा आमच्या घरात होता. घरात म्हणजे मी आणि आय. बाबा मुंबईला गोदीत कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी रेवसच्या लाँचने यायचे.

झालं होतं असं, की ओहोटीला आम्ही बायका खाडीच्या तोंडाशी खडकावर कालवं काढायला गेलो होतो. कालवाचं शिंपलं खडकाला असं चिकटलेलं असतं की त्याची धार वरच राहते, नव्या ब्लेडासारखी. मी पाय घसरून त्यावरच आले. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बुडाशी चिरलं. रक्त आलं, खाऱ्या पाण्यात धुतलं, हसत घरी आले. मग आयने तिच्या आयने केलं असतं तेच केलं. बिब्बा तापवून त्याचं तेल जखमेत सोडलं आणि वरून फडकं करकचून बांधलं. घट्ट बांधलं म्हणजे लवकर भरतं, असं आमच्यात म्हणतात. चार दिवसांनी फडकं सोडलं तेव्हा बोट जांभळं झालं होतं आणि मला भिंती हलताना दिसत होत्या.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आयला एक शब्द बोलले नाहीत. बिब्बा कुणी लावला, हेही विचारलं नाही. पडवीत खाट टाकली आणि म्हणाले, हिला इथेच राहू द्या, वहिनी. अलिबागला नेली तर ते मुंबईला पाठवतील आणि मुंबईचे लोक गुडघ्यापासून हिशेब करतील. मी आधी बघतो. आय माझ्या खाटेखाली चटईवर झोपायला लागली, सकाळी वाडीला पाणी लावून परत यायची.

तर अशी मी त्या पडवीत पडून होते, आणि समोर ते शेत.

सगळ्या गावाने भात निघाल्यावर वाल टाकायचा आणि डॉक्टरांनी टाकायचा नाही, हे कित्येक वर्षं चाललेलं. बांधाच्या अलीकडे पलीकडे हिरवागार वाल आणि मधे हे एक खाचर उघडं, भाताचे खुंट काढून धोपटून सपाट केलेलं. बायका पाणी भरायला जाताना म्हणायच्या, डाक्टरानं शेताला विधवेसारखं ठेवलंय. डॉक्टर ऐकायचे आणि म्हणायचे, अहो त्याला सुट्टी दिलीय. दुपार कलली की गावातले जाणते जवान गडी तिथे फुटबॉल खेळायला जमायचे, कुणी माडावर चढणारा, कुणी बैलगाडी हाकणारा. चेंडू डॉक्टरांनी आणून दिलेला. पण स्वतः डॉक्टर कधी शेतात उतरायचे नाहीत. चेंडू चुकून पडवीकडे आला तर वाकून हातात घेऊन फेकायचे. एक लाथ मारा की डाक्टर, असं कुणी म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, गुडघा दुखतो. त्यांचा गुडघा ठणठणीत होता, चौलच्या टेकडीवरच्या पायऱ्या ते माझ्या बाबांच्या आधी चढायचे.

ताप माझा चढत उतरत होता. इंजेक्शन द्यायला, पट्टी बदलायला डॉक्टर दिवसातून तीनदा यायचे, आणि मी ओरडू नये म्हणून बोलत राहायचे. त्यांचं आयुष्य मला असं पट्टी सोडता बांधता तुकड्यातुकड्याने कळलं. कधी अर्धी गोष्ट सकाळी आणि उरलेली दुसऱ्या दिवशी, मधे माझा ताप. त्यामुळे त्यांनी सांगितलेलं कुठलं आणि मला दिसलेलं कुठलं, ते आज मलाही वेगळं करता येत नाही. वालाच्या फुलांतून बूट घातलेले गोरे सोजीर धावताना मी पाहिलेत. चौलच्या पोफळीच्या वाडीतून पाठीवर पेट्या लादलेली खेचरं एकामागून एक जाताना पाहिलीत, पावसात भिजलेली, आणि आपल्याकडे तर तेव्हा पाऊसही नव्हता.

लहानपणी ते काथ्याचा चेंडू करून वाळूत खेळायचे. सोललेल्या नारळाचा काथ्या गुंडाळून गुंडाळून वर चिंध्या बांधायच्या. भिजला की दगड व्हायचा. वडिलांनी त्यांना शिकायला मुंबईला पाठवलं, आणि तिथे कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा त्यांनी खरा चेंडू पाहिला, आत हवा भरलेला. पहिली लाथ मारली तर तो इतका वर गेला की ते बघतच राहिले, म्हणाले, मला वाटलं आता हा खाली यायचा नाही. त्या काळी फुटबॉल भर पावसाळ्यात व्हायचा, चिखलात. हे अनवाणी, घोट्याला नुसती पट्टी, आणि समोर पलटणीतले गोरे बूट घालून. गोऱ्याचा बूट पायावर पडला की नख उडायचं. पण चिखलात बूट जड होतो आणि आपला पाय हलका राहतो, असं ते हसून सांगायचे. आम्ही भातलावणीतली माणसं, शेवंते, चिखल आम्हाला काय नवा. बोटं रोवायची, वळायचं, निघून जायचं. गिरण्यांतली माणसं पाळी संपवून खेळ बघायला यायची आणि कोकणच्या पोराने गोल केला म्हणून यांना खांद्यावर घ्यायची. वडिलांच्या कानावर गेलं तेव्हा वडिलांनी पत्र धाडलं, त्यात एकच ओळ होती, पायाने पोट भरत असेल तर डोकं परत पाठव.

मी हसले की ते पट्टी ओढून काढायचे. तेवढ्यासाठीच सांगायचे.

आता माझ्या पायाचं सांगते, म्हणजे झालं काय ते कळेल. बोटाला जीव आहे की नाही हे पाहायला डॉक्टर रोज सकाळी एक टाचणी स्पिरिटच्या दिव्यावर धरायचे आणि बोटाच्या टोकाला टेकवायचे. टोचलं असं कळलं की बोट जिवंत. कळलं नाही तर कापायचं, कारण मेलेलं बोट पायावर ठेवलं तर ते शेजारच्याला घेऊन जातं. आणि मी रोज पाय मागे घ्यायचे. टाचणी टेकते न टेकते तोच झटकन. डॉक्टरांचा चेहरा उजळायचा. आहे, वहिनी, जीव आहे. अजून एक दिवस थांबू.

दारात उभी असलेली आय दोन्ही हात जोडायची आणि म्हणायची, पाय लागला हो, डाक्टर, लहान हाय ती. पाय लागला म्हणजे माझा पाय त्यांच्या हाताला लागला, म्हणून ती माझ्या वतीने माफी मागायची. डॉक्टर म्हणायचे, अहो वहिनी, हात माझा लागलाय. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ते हसायचे, आय हात जोडायची, मी पाय ओढून घ्यायचे आणि सगळ्यांना वाटायचं, चाललंय ते बरं चाललंय.

लढाईचं त्यांनी फार सांगितलं नाही. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर बांबूची झोपडी, वर ताडपत्री, तिला दवाखाना म्हणायचं. पावसात बूट कुजायचे, पायांतून निघायचे नाहीत, चाकूने कापून काढावे लागत. पोरांचे चेहरे बघायला वेळ नसायचा, ते सगळ्यांना पायावरून ओळखायचे. हा घाटावरचा, टाच भेगाळलेली. हा माडावर चढणारा, बोटं फाकलेली. चांगला पाय दिसला की माझ्या मनात यायचं, म्हणाले, हा उजव्या बगलेला खेळला असता. आणि मग तोच कापायचा.

एकदा एक पोरगा आणला पेणकडच्या मिठागरातला. पाय पाहिल्याबरोबर डॉक्टरांनी ओळखलं, मिठाने तळवा पांढरा पडून कातड्यासारखा होतो तसा होता. शुद्धीवर आल्यावर तो काही रडला नाही. त्याने आपल्या बोलीत विचारलं, माजा पाय कुठं ठेवलात? तिकडे इतक्या दूर कुणीतरी आपल्या खाडीकाठचं बोललं, म्हणून डॉक्टरांना आधी आनंदच झाला. मग प्रश्न कळला. त्यांनी त्याला जागा सांगितली, बांबूच्या बेटाच्या पलीकडे, उतारावर. तो म्हणाला, बरं. एवढं सांगून डॉक्टर माझ्या पट्टीला गाठ मारून उठून गेले. नंतर आयकडून कळलं, लढाईवरून आले तेव्हा त्यांनी कापायची हत्यारं एका पेटीत घालून माळ्यावर टाकली होती. वीसेक वर्षांत खाली काढली नव्हती. ताप, बाळंतपणं, विंचू, हेच करायचे.

तरी त्या पडवीतल्या दुपारी मला आठवतात त्या सुखाच्या आठवतात, हे मी कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पेंढ्याचा वास. कुणाच्या तरी चुलीवर वालाच्या बिरड्याला फोडणी पडलेली. तापाने हलकं झालेलं अंग आणि मधूनच चेंडूचा आवाज, डब, डब, उरात वाजल्यासारखा. मी चौथीत शाळा सोडलेली. त्यांच्या कपाटात जुनी मासिकं होती, कडा वाळवीने खाल्लेल्या, ती मी अक्षर लावत लावत वाचायचे, जिथे पान खाल्लेलं तिथलं मनाने भरायचे. माझं शिक्षण म्हणायचं तर तेच, निम्मं छापलेलं आणि निम्मं मनाचं. आजही धुक्यातून पलीकडे खेळाचा आवाज आला की मला पायरीवर नाही, खाटेवर असल्यासारखं वाटतं. आता तिथे मुलीही खेळतात. एकीची वेणी मानेवर उसळते ती बघत बसते मी, चहा निवतो.

अकराव्या की बाराव्या दिवशी असेल. डॉक्टर सकाळी कुठल्याशा बाळंतिणीकडे अडकले होते, म्हणून टाचणीचं काम दुपारवर गेलं. समोर खेळ रंगलेला. आमच्या आळीतल्या माडवाल्याने चेंडू असा काही उडवला की तो चिंचेत अडकला, आणि सगळे मिळून चिंचेला दगड मारायला लागले. मी मान वळवून हसत होते. हसून झाल्यावर इकडे पाहिलं तर डॉक्टर माझ्या पायाशी बसलेले, हातात टाचणी, आणि माझ्याकडे बघतायत. पायाकडे नाही, माझ्याकडे.

"शेवंते, आत्ता मी काय केलं?"

मी म्हटलं, काय केलं? मला वाटलं ते आत्ताच येऊन बसलेत. त्यांनी बोट दाखवलं. टोकाला तीन बारीक भोकं होती, रक्तसुद्धा आलेलं नव्हतं.

मग त्यांनी हळूच विचारलं, की रोज मग मी पाय का ओढत होते. मला प्रश्नच कळेना. मोठ्या माणसाचा हात पायाला लागू द्यायचा नाही, पाप लागतं, हे काय विचारायचं झालं? त्यांचा हात येताना दिसला की मी पाय बाजूला घ्यायचे. टाचणी लागली की नाही ते मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं मी नीट वागतेय.

शेतात चेंडू खाली पडला, आरडाओरडा झाला. मग ते जरासे हसले आणि म्हणाले, की पेनल्टी मारताना गोली चेंडू बघून उडी मारत नाही, मारणाऱ्याचा डोळा बघून आधीच मारतो. तू तेच करत होतीस, आणि मी एवढी वर्षं खेळून तुझा डोळा बघितला नाही. त्यांनी मला मान वळवायला लावून शेजारच्या बोटालाही टाचणी लावली. तेही गेलं होतं.

संध्याकाळी आयला सांगितलं. दोन बोटं काढायची, पाय वाचेल. आय इतके दिवस त्यांच्यासमोर मान वर करून बोलली नव्हती, ती तेव्हा बोलली.

"त्या बोटात जोडवं घालायचं हाय, डाक्टर. दुसरं कुठलंबी कापा."

अंगठ्याशेजारचं बोट म्हणजे जोडव्याचं बोट. लग्न झालेल्या बाईचा पाय त्या बोटावरून ओळखायचा. ते नाही म्हणजे लग्न नाही, असा आयचा साधा हिशेब होता, आणि खरं सांगायचं तर माझाही तोच होता. पाय जाईल याची भीती मला तितकी वाटली नव्हती जितकी तेव्हा वाटली. सगळ्या जगाने बाकीचं काहीही घ्यावं आणि तेवढं बोट ठेवावं असं वाटलं.

डॉक्टर आयच्या समोर जमिनीवर बसले, पाटही घेतला नाही. म्हणाले की इथे आणल्यावर चौथ्या दिवशी मी नीट बघितलं असतं तर एकच गेलं असतं. उशीर झाला तो या पोरीमुळे नाही आणि तुमच्या बिब्ब्यामुळेही नाही.

"मला कापायचं नव्हतं, वहिनी. म्हणून मला जे हवं होतं तेच दिसलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः माळ्यावर चढून पेटी खाली काढली, हत्यारं उकळायला ठेवली. आय अंगणात पाठ करून बसली होती. इंजेक्शनने पाय बधिर झाल्यावर डॉक्टरांनी दोन्ही हात माझ्या पायावर ठेवले आणि कपाळाला लावले, चुकून आपला पाय कुणाला लागला की आपण लावतो तसे. मी पाय ओढून घ्यायला गेले, पण तो बधिर होता, हललाच नाही. त्यांना ते करू द्यावं लागलं.

पौषात मी उभी राहिले. दोन पावलं टाकली की उजवीकडे कलंडायचे. डॉक्टर मला ओहोटीला समुद्रावर न्यायला लागले, ओल्या वाळूवर, आणि एखाद्या गड्याला खेळायला शिकवावं तसं चालायला शिकवायला लागले. भार अंगठ्यावर घे. अंगठा कप्तान. बाहेरच्या कडेवर नको, कडेवर गेलीस की पडलीस. वळायचं तर आधी नजर वळव, मग खांदा, पाय आपोआप येतो. शिंपल्या वेचणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. डाक्टर, पोरीला फुटबालात घेताव का, असं एकीने विचारलंच. ते म्हणाले, घेतलीय, उजव्या बगलेला. मागे वळून पाहिलं की वाळूत माझी पावलं दिसायची. एक पाचाचं, एक तिनाचं, एक पाचाचं, एक तिनाचं, पार पाण्यापर्यंत. आधी बघवत नसे. मग एके दिवशी लक्षात आलं, की एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर मी कुठून कुठे गेले हे कुणालाही सांगता येईल. मला त्याची गंमत वाटायला लागली.

फाल्गुनात मला बघायला रेवसकडून माणसं आली. मुलगा लाँचवर खलाशी, धक्क्याला दोर टाकायचा. आई नव्हती, सगळी सूत्रं त्याच्या आत्याच्या हातात, आणि आत्या म्हणजे बोलायला लागली की समोरच्याने चप्पल शोधावी अशी. आयने मला लुगडं चार बोटं खाली नेसवलं होतं. हळूहळू चल, म्हणाली, पाऊल बाहेर काढू नको, लग्नानंतर सांगू काय ते. डॉक्टरही येऊन बसले होते. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले, ठेवल्या, पाटावर बसले. लुगड्याच्या आत पाय आखडून घेतला होता. आखडून घेताना माझ्याच मनात आलं, बाई, पुन्हा तेच चाललंय की तुझं. तेव्हाही सगळ्यांना बरं वाटत होतं. मी काठ वर केला आणि पाय पुढे काढून जमिनीवर ठेवला. म्हटलं, हा असा आहे. दोन बोटं नाहीत.

आयने डोळे मिटले. मुलगा इतका वेळ नुसता पोह्यांकडे बघत होता, त्याने मान वर केली.

"चालताना दुखतं का?"

मी म्हटलं, ओल्या वाळूत नाही दुखत, दगडावर दुखतं. तो म्हणाला, धक्क्यावर दगड आहेत, तिथे हात देईन. आत्याबाई पुढे वाकून पायाकडे निरखून बघत होत्या. आयला राहवलं नाही, ती पुटपुटली, जोडव्याचं तेवढं कसं करायचं. आत्याबाई म्हणाल्या, उरलेल्यात घालू, आठ हायत की अजून. आणि बशी पुढे करून त्यांनी आणखी पोहे मागितले.

लग्नात डाव्या पायाचं जोडवं जागेवर बसलं, उजव्याचं दोन घरं पलीकडे. तिथे ते कधी नीट राहिलं नाही. आजवर तीन हरवली, दोन भाताच्या चिखलात आणि एक समुद्राने घेतलं. नवीन करायला टाकताना सोनार दर वेळी विचारतो, काकी, हे एकच असं लहान का, आणि मी दर वेळी नवीन काहीतरी सांगते.

लग्नानंतर दोन वर्षांनी, अशाच एका मार्गशीर्षात, मी डॉक्टरांकडे गेले आणि लाजत लाजत सांगितलं, की नसलेल्या बोटाला खाज सुटते. पायावर होतं तेव्हा टाचणी कळली नाही, आणि आता नाही तर थंडीत दव लागलं तरी कळतं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, सुटणारच, आणि झोपडीतल्या पोरांचं सांगायला लागले. कापलेल्या पायाची बोटं त्यांना खाजायची, रडकुंडीला यायची बिचारी. औषध नाही त्याला. मग डॉक्टर काय करायचे, तर घोंगडीवर जिथे पाय असायला हवा होता तिथे, त्या सपाट जागी, बसून खाजवायचे. कुठे रे, टाचेला? थोडं वर, साहेब. असं करत करत पोरगा झोपून जायचा. हे सांगताना ते शेताकडे बघत होते. तिथे खेळ चालला होता. मी विचारलं, तुम्हाला तिथे जाऊन एकदा मारावीशी वाटत नाही का लाथ. ते म्हणाले, माझे दोन्ही पाय शाबूत आहेत ना, शेवंते, म्हणून. त्यांचा आवाज अगदी रोजचाच होता, खोकल्याची बाटली देताना असायचा तसा. त्यानंतर मी त्यांना ते कधी विचारलं नाही, आणि कुणी विचारलं तर मीच मधे पडून सांगायचे, गुडघा दुखतो त्यांचा.

डॉक्टर गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं, शेत गावाला लिहून गेले, त्यात वाल टाकायचा नाही एवढीच अट घातली.

परवा घरी जाऊन आमच्या ह्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं ते पोरांना खाजवायचं सांगितलं, असं लिहिणार होते, पण परवा कुठलं, त्याला साठ वर्षं होत आली. त्या दिवशी लाँचवरून थकून आले होते. ऐकून घेतलं, हूं म्हणाले. पुढे लाँच सुटली, आम्ही इथे आयच्या घरी राहायला आलो, केस पांढरे झाले, आता भिंग धरून पेपर वाचतात. आज सकाळी धुकं होतं, पायरी गार होती, मी पाय पसरून बसले होते आणि नुसता उजवा पाय थोडा हलवला, बोलले काहीच नाही. त्यांनी पेपरातून डोळे न काढता डावा हात खाली सोडला आणि पायरीवर, अंगठ्याच्या शेजारी, जिथे काही नाही तिथे, दोन बोटांनी खाजवायला लागले.

"जरा वर," मी म्हटलं.

त्यांनी जरा वर खाजवलं.